तुम्ही विचारलंत म्हणून: या गोगलगायींना रंग लावलाय का?

आमच्या सांगलीच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं आणि टँकसमोर थांबलं की हा प्रश्न येतोच. सोनेरी, निळी, हस्तिदंती, लाल अशा गोगलगायी काचेवर चढताना दिसल्या की शंका येणारच. ती गैरही नाही, कारण पारदर्शक काचमाशांना सुईनं रंग टोचून विकायचा क्रूर धंदा खरोखर चालत आलाय. गोगलगायींचे रंग मात्र त्यांचे स्वतःचे. कुणी लावलेले नाहीत आणि धुऊन जाणारेही नाहीत.

दुकानात मिस्ट्री स्नेल म्हणून मिळते ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या शंखात पिवळं रंगद्रव्य असलं आणि गडद पट्टे नसले की ती सोनेरी दिसते. निळीच्या शंखात मुळात निळा रंगच नसतो! पिवळा नसल्यामुळे वरचा थर पांढरट असतो आणि त्यातून आतला गडद थर आणि काळपट अंग दिसतं, ते आपल्याला निळं वाटतं. अंगही फिकं आणि पट्टेही नाहीत, ती हस्तिदंती.

लाल रॅम्सहॉर्न गोगलगायीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. चकलीच्या वेटोळ्यासारखा चपटा शंख, आणि आत आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असलेलं रक्त. तिच्या कातडीत काळं द्रव्य नसलं की ते रक्तच बाहेरून लाल दिसतं. मिस्ट्री स्नेलच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोहाऐवजी तांबं करतं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं गोगलगायींना विष आहे. माशांच्या काही औषधांत ते असतं, म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय टँकमध्ये थेंबही टाकू नका. तांब्याच्या हंड्यातलं पाणीसुद्धा नको.

रंग टिकवायचा तर शंख टिकला पाहिजे, आणि शंख म्हणजे चुनाच. पाण्याचा सामू (पीएच) सातच्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्ल झालं, की शंख झिजतो, त्यावर पांढरे खड्डे पडतात. पातेल्यात पांढरा थर धरणाऱ्या आमच्या बोअरच्या पाण्याला घरात सगळे नावं ठेवतात, पण गोगलगायींना तेच मानवतं. आरओचं पाणी घालाल तर त्यात चुना जवळजवळ उरलेलाच नसतो. ज्यांच्याकडे नळाचं पाणी मऊ आहे त्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आणावं. तो माकुळ माशाच्या आतला कवचाचा भाग, बहुतेक चुनाच. तुकडा धुऊन टँकमध्ये सोडला की हळूहळू विरघळत राहतो. मग शंखाच्या कडेला भिंग धरून बघा, नवी वाढ वेगळी ओळखू येते. गुळगुळीत, चकचकीत, आणि मागच्या खडबडीत भागापासून एका रेषेनं वेगळी दिसणारी. झिजलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, पण पुढचा शंख निरोगी येतो.

खायला उकडून मऊ केलेला पालक, काकडी, दोडका. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं.

टँकला झाकण हवंच. मिस्ट्री स्नेलला कल्ल्याबरोबर फुप्फुसही असतं. ती लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेते, म्हणून पाणी आणि झाकण यांत चार बोटं हवा ठेवायची. मादी अंडी घालते तीही पाण्याच्या वर, फिकट गुलाबी घोसात. पिल्लं नको असतील तर घोस खरवडून फ्रीजरमध्ये गोठवायचा आणि मगच कचऱ्यात टाकायचा. नाल्यात नाही, विहिरीत नाही, कृष्णेत तर नाहीच. हिच्याच कुळातली दुसरी एक गोगलगाय आशियातल्या देशांत नेऊन पाळली आणि तिनं तिथली भातशेती पोखरली. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. लहानपणी या दोघींत फरक करणं दुकानदारालाही जमत नाही.

आपल्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा घराघरांत शिरली. तळमजल्यावरचा टँक अशा वेळी नदीचाच होतो. म्हणून माझा टँक वरच्या मजल्यावर असतो. पिल्लं मागायला आलात तर आनंदानं देईन, पण आधी दोन गोष्टी विचारीन: पाणी कुठलं घालणार, आणि टँक कितव्या मजल्यावर ठेवणार.