'परत गेल्या' नावाचा रकाना

आमच्या उद्यान सल्लागार समितीच्या स्थापनेच्या आदेशात दहा कलमं आहेत. दहावं असं आहे: 'समितीच्या शिफारशी प्रशासनावर बंधनकारक राहणार नाहीत.' आदेशाचा मसुदा मीच केला होता, कुठल्याशा जुन्या आदेशावरून. ते वाक्य त्यातून जसंच्या तसं उतरलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत उद्यान पर्यवेक्षक आहे. गावाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. चार बागा, दोन मैदानं, दुभाजकांतली झाडं आणि अकरा माळी, त्यातले आठ ठेकेदाराचे. बाहेरच्यांना वाटतं की बागा सांभाळायला नगरपालिका बांधीलच आहे. तसं नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात दिवाबत्ती, सफाई, पाणी ही बंधनकारक कर्तव्यं. सार्वजनिक बागा ऐच्छिक यादीत, धर्मशाळा आणि वाचनालयांच्या शेजारी. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बागा-मैदानांना बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, जागा दिली खरी, पण अनुसूचीतून माळ्याचा पगार निघत नाही.

समितीत नऊ जण. मुख्याधिकारी अध्यक्ष, मी सदस्य सचिव. बाकी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे गावाचे गुरुजी, एक डॉक्टरीणबाई, ज्येष्ठ नागरिक संघाचे अण्णा, हायस्कूलचे क्रीडाशिक्षक, एक आर्किटेक्ट, वृक्षप्रेमींचा एक तरुण, आणि बचत गटाच्या एक काकू. तीन महिन्यांनी बैठक. झाड तोडायचा विषय निघाला की तो आमचा नाही, त्याला १९७५ च्या कायद्याखालचं वृक्ष प्राधिकरण आहे. खर्चाचा विषय आमचा नाही, नेमणुकांचा नाही. बागेत फिरायचं, बघायचं, मत द्यायचं. ते मी इतिवृत्तात लिहायचं आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून ते वाचून कायम करायचं.

काकू सोडल्या तर सगळे सकाळी सहा ते आठ बागेत फिरणारे. त्यामुळे दोन वर्षांची इतिवृत्तं काढून बघितली तर त्यांत सकाळच आहे. ट्रॅकवर वाळू टाका, कुत्री हटवा, हास्यक्लबसाठी शेड करा. आणि साताऱ्याची गोलबाग बघा, सांगलीची आमराई बघा, कऱ्हाडचा प्रीतिसंगम बघा. बघितलंय हो सगळं. तिथले माळी किती, हे कुणी बघून येत नाही.

ओपन जिमचं सांगतो, म्हणजे आमचं दुखणं कळेल. दहा यंत्रं बसली, फीत कापली, फोटो झाले. त्यातलं पायाने झोका द्यायचं यंत्र पहिल्या पावसाळ्यानंतर किंचाळायला लागलं. बेअरिंगमध्ये पाणी. दोन बेअरिंग आणि डबाभर ग्रीस, एवढंच काम. पण नवीन यंत्राला निधी मिळतो, ग्रीसला लेखाशीर्ष नसतं. वार्षिक देखभालीतून मागितलं तर ती तरतूद गवत कापायच्या यंत्राच्या पेट्रोलमध्ये मार्चच्या आधीच संपलेली असते. शेवटी आमच्या एका माळ्याने ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून ग्रीसगन आणली. तीन महिने यंत्र गप्प होतं. नंतर पुन्हा किंचाळलं, आणि त्या बैठकीत अण्णा म्हणाले, "देखभालीकडे दुर्लक्ष आहे." मी लिहून घेतलं: देखभालीकडे लक्ष देण्याबाबत सूचना.

तर मूळ विषय. एसटी स्टँडजवळची बाग सगळ्यांत जुनी. सकाळी सहा ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. अकराला बापू, म्हणजे आमचे वॉचमन, शिट्टी वाजवत फिरतात आणि बाग रिकामी करून मोठ्या फाटकाला कुलूप लावतात. ही वेळ कोणी, कधी ठरवली त्याचा कागद मला कचेरीत सापडलेला नाही. माळी सांगतात, पूर्वी दुपारी पाणी बंद असायचं म्हणून. दुपारी गवताला पाणी घालायचंच नसतं, पण ते राहू द्या.

कुलूप असलं तरी माणसं आत यायची. मागच्या बाजूला ग्रिलचे दोन गज वाकवलेले, तिथून. तक्रारी आल्या, 'दुपारी बागेत गैरप्रकार चालतात.' आर्किटेक्टसाहेबांनी तोडगा आणला: मागची भिंत तीन फूट वाढवायची, वर लोखंडी भाले. बांधकाम विभागाने अंदाजपत्रकही केलं. सगळे माना डोलावत होते आणि मी 'सर्वानुमते' हा शब्द लिहायला घेतला होता. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "कोण उड्या मारतंय, कशापायी मारतंय, ते बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. मी तर नाहीच. दुपारी मी कचेरीत बिलं लावत असतो.

मग ठरलं की एक दिवस फाटक बंदच करायचं नाही. समितीने पाळ्या लावून बसायचं आणि मोजायचं. दिवस कोणता घ्यायचा, ते माझ्यावर सोडलं. मी गुरुवार घेतला. गुरुवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो. मला त्या दिवशी बाकीची कामं कमी होती, हे खरं. बाजाराच्या दिवशी गर्दी होईल हे मला माहीत होतं, हेही खरं. यातलं कोणतं कारण आधी होतं, ते मी अजून माझ्याशी नक्की करू शकलेलो नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. गुरुजी पहाटे सहाला पुठ्ठ्याचा पॅड आणि आखलेला कागद घेऊन हजर. रकाने त्यांनीच पाडले होते: फिरणारे, खेळणारे, बसणारे, इतर. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सकाळ ओळखीची गेली, नमस्कार-चमत्कार करत. गवतावर दव होतं आणि माझ्या कडा सुरेख दिसत होत्या. फुशारकी वाटेल, पण गवताची कड कात्रीने सरळ धरणं हे यंत्राने होत नाही. आमच्या गावात ते दोघांनाच येतं, त्यातला एक मी.

त्या कडांवरून नजर फिरवताना मागच्या ग्रिलकडे गेली. वाकवलेल्या गजांपासून नळाच्या कट्ट्यापर्यंत लॉनमधून तिरकी पायवाट पडलेली आहे, फूटभर रुंद, खालची माती दगडासारखी घट्ट. दर पावसाळ्यात मी तिथं हरळीचे ठोंब लावतो आणि दर उन्हाळ्यात ती उघडी पडते. इतकी वर्षं माझ्या वहीत तिचं नाव 'गवताचे नुकसान' असं आहे. एवढी माणसं रोज कुणीकडे चालत जातात, हे ती सांगत होती. ती पायवाट बाकाकडे, आडोशाकडे जात नव्हती. नळाकडे जात होती.

अकरा वाजले. बापूंनी सवयीने शिट्टी तोंडात घातली आणि काढली. "सायेब, लावू न्हाय म्हंता?"

"नाही."

"बगा बरं. उद्या काय झालं तर माझ्यावर नगा."

पहिला अर्धा तास कुणी आलं नाही. मग फाटक उघडं आहे ही बातमी कशी पसरली, माहीत नाही. साडेअकराला एक म्हातारा-म्हातारी आली. त्यांच्याकडे एक्स-रेचं मोठं पाकीट, पिशवी आणि पाण्याची रिकामी बाटली. गावाकडची गाडी अडीचला होती. शिरिषाच्या सावलीत त्यांनी फडकं पसरलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला. म्हातारीने बाटली भरून आणली आणि आधी त्याच्या पायांवर ओतली. एका पायाला बँडेज होतं, ते सोडून बाकीचा पाय ती बोटांनी चोळून धूत होती. माझ्या कट्ट्यावर 'येथे पाय धुऊ नयेत' अशी पाटी आहे. मीच रंगवून घेतलेली.

मग पोलीस भरतीच्या चार पोरी आल्या, सामान्य ज्ञानाची जाड पुस्तकं घेऊन. मेंदीच्या कुंपणामागे एक बाई बाळाला पाजायला बसली. पाल्याच्या रिकाम्या पाट्या घेऊन बाजारातल्या दोघी आल्या आणि पाट्या डोक्याखाली घेऊन चक्क झोपल्या. टाकीमागच्या बाकावर एक जोडपं बसलं. गुरुजी बराच वेळ तिकडे बघत होते. त्यांनी 'इतर'मध्ये दोन रेघा मारल्या. पाचेक मिनिटांनी खोडरबर काढलं, त्या पुसल्या आणि 'बसणारे'मध्ये घातल्या. मला म्हणाले, "बसलेतच की."

डॉक्टरीणबाईंची पाळी एकला सुरू झाली. दोनच्या सुमारास त्या उठून स्वच्छतागृहाकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. "अहो, बायकांच्या बाजूला कुलूप आहे."

मला माहीत होतं. दिवाळीपासून होतं. ठेकेदाराचं कुलूप, त्याचं बिल अडलेलं, किल्ली त्याच्याकडे. मी दोन पत्रं दिली होती, त्यांचे जावक क्रमांकही सांगितले. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग गुरुजींचा कागद ओढून समासात त्यांनी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: 'परत गेल्या.' चारपर्यंत डॉक्टरीणबाई त्या दाराकडे तोंड करून बसल्या. बाई यायची, कुलूप बघायची, इकडेतिकडे बघायची आणि परत फिरायची. एक रेघ. भरतीच्या पोरींपैकी एक गेलीच नाही. मी विचारलं नव्हतं, ती आपणहून म्हणाली, "आम्ही पाणीच पीत नाही काका, इथं यायचं असलं की."

संध्याकाळी बेरीज झाली. अकरा ते चारची माणसं सकाळपेक्षा थोडीशी जास्तच भरली. 'परत गेल्या' या रकान्यात सतरा रेघा होत्या.

बैठक वादाची झाली. अण्णा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मोजून तुम्ही बाजार मोजलात." त्यांचं बरोबर होतं, आणि दिवस मी निवडला होता. मी गप्प बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मग एखाद्या मंगळवारी पुन्हा मोजू. मंगळवारी बसायला कुणाला वेळ नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर तीन शिफारशी झाल्या. स्वच्छतागृह उघडावे. बाग प्रायोगिक तत्त्वावर दुपारी खुली ठेवावी. भाल्यांचे काम तूर्त करू नये.

पहिली आठ दिवसांत झाली. माझ्या दोन पत्रांनी जे झालं नाही ते समासातल्या रकान्याने झालं. मुख्याधिकाऱ्यांनी तो कागद मागवून घेतला, बघितला आणि ठेकेदाराला माझ्यासमोर फोन लावला. मला बरं वाटलं, आणि रागही आला. पत्र म्हणजे कागद आणि रेघ म्हणजे माणूस, असं काही असतं का? की सांगणारा पगारी नोकर नव्हता, म्हणून ऐकलं गेलं?

दुसरीवर शेरा आला: 'धोरणात्मक बाब. मनुष्यबळ विचारात घेऊन निर्णय होईपर्यंत प्रलंबित.' दुपारसाठी आणखी एक वॉचमन लागतो, आणि ती भरती आमच्या हातात नाही. तिसरी शिफारस पोचली तोवर भिंतीच्या कामाला मंजुरी आली होती. नवीन काम होतं, निधी होता. मेमध्ये भिंत तीन फूट वाढली, भाले बसले, काळा रंग दिला. काम चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू. वाकलेले गज गेले. पायवाटेवर जूनमध्ये मी हरळी लावली आणि या वेळी ती धरली.

मोठ्या फाटकाला एक दिंडी आहे, माणूस वाकून जाईल एवढी. अकराला बापू शिट्टी वाजवतात, फाटकाला साखळी घालून कुलूप लावतात. दिंडीची कडी नुसती सरकवलेली असते. असं ठेवू का, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं, हे मीही त्यांना विचारलं नाही. कडी बाहेरून हात घालून निघते, हे स्टँडवरच्या लोकांना आता कळलंय. किल्ल्यांच्या नोंदवहीत रोज ११.०५ ला 'दोन्ही फाटके बंद' असं लिहिलेलं असतं आणि खाली माझी सही असते. उद्या आत कुणाला साप चावला, कुणाची छेड काढली, तर ती सही माझी आहे. बापूंचं पेन्शन जवळ आलंय. रात्री हे आठवतं. दुपारी एकदा मी मुद्दाम चक्कर मारली, तर शिरिषाखाली कुणीतरी भाकरी खात होतं आणि बायकांच्या बाजूचं दार वाऱ्याने हलत होतं. दाराला कडी नीट लागत नाही. ती दुरुस्त करायला तरतूद बघावी लागेल.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आज टाइप केली. विषय क्रमांक १: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्या इतिवृत्तात दिंडी नाही. डॉक्टरीणबाईंना माहीत आहे असं मला वाटतं, कारण परवा त्या 'दुपारी बाग छान दिसते हो' एवढंच म्हणाल्या. अण्णांना माहीत झालं तर ते लिहूनच घ्यायला लावतील, आणि नियमाने तेच बरोबर आहे. शेवटी नेहमीची ओळ आहे, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.' तिच्याखाली काही टाइप करायचं नसतं, दोन बोटं जागा सोडायची असते. तेवढी सोडली आहे.