ताऱ्यासमोर आडवा हात

ऊन डोळ्यावर आलं की हात आपोआप कपाळावर जातो. गच्चीवरून कटलेला पतंग शोधायचा तर आधी सूर्य झाकायचा, कोणी शिकवावं लागत नाही. कोरोनाग्राफ म्हणजे हेच, फक्त दुर्बिणीच्या आत.

पण नुसतं झाकून भागत नाही ना, खरी गंमत तिथेच आहे. तारा झाकला तरी त्याचा उजेड कडांवरून वळून आत पसरतो आणि शेजारचा फिकट ग्रह नेमका त्यात बुडतो. बर्नार लिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यु मिदी वेधशाळेत यावर तोडगा काढला, सूर्याच्या प्रतिमेवर एक चकती आणि तिच्या पुढे अजून एक आडोसा, जो कडेला गोळा झालेला उजेड अडवतो. त्याला करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, बघायचा होता, तोही ग्रहणाची वाट न बघता, कारण खग्रास म्हणजे जेमतेम काही मिनिटांचा मामला आणि त्यात ढग आले की संपलंच. भिंगात बुडबुडा चालत नव्हता, वर ओरखडा चालत नव्हता. असल्या काटेकोर माणसांबद्दल मला भारी आदर आहे.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला हीच युक्ती इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या उजेडात, वापरतात. इन्फ्रारेड का, तर नुकते जन्मलेले ग्रह अजून तापलेले असतात, स्वतःच चमकतात. नेहमीच्या उजेडात गुरू सूर्यापेक्षा साधारण अब्जपट फिका, इन्फ्रारेडमध्ये तरुण ग्रहांचा हाच फरक लाखाच्या आसपास येतो. हवेची थरथर तरी उरतेच, म्हणून एक लवचिक आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवत राहायचा, नाहीतर तारा चकतीखालून निसटलाच.

२०१८ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरच्या स्फीअर उपकरणाने पीडीएस ७० या ताऱ्याचा फोटो दिला, आजूबाजूला धुळीची कडी, एक चमकदार ठिपका म्हणजे घडत असलेला ग्रह, आणि मधोमध काळा गोल. फोटो ताऱ्याच्या नावाचा आणि ताराच गायब!

दुर्बीण मोठी तितकी सोय असं वाटतं, पण मोठे आरसे तुकड्यांचे असतात आणि प्रत्येक सांध्यावरून उजेड पसरतो. केक नावाच्या दुर्बिणीच्या आरशात असे ३६ षटकोनी तुकडे आहेत. चिलीत ३९ मीटरची नवीन दुर्बीण बांधतायत, तिच्यात ७९८. पृथ्वीसारखा ग्रह तर सूर्यापेक्षा १० अब्जपट फिका, आणि मध्ये एवढ्या सगळ्या फटी, हा उजेड अडवणारे मास्क बनवणाऱ्या लोकांची मला आत्तापासूनच काळजी वाटते.