खाडखाड वाचणाऱ्या मुलांना इंग्रजी कळावं म्हणून

निफाड तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. आमची बरीच मुलं उतारा खाडखाड वाचतात. उच्चार ठीक, वेगही चांगला. पण पुस्तक मिटायला लावून ‘काय झालं यात?’ असं मराठीत विचारलं, की वर्ग गप्प. तरीही याच मुलांना उताऱ्यावरच्या प्रश्नांना मार्क पडत होते, आणि मला काळजी वाटत होती ती त्याचीच.

हे कसं होतं ते मुलांनाच दाखवायचं ठरवलं. फळ्यावर एक निरर्थक वाक्य लिहिलं : ‘द टोमा लिप्ड द फंबर इन द झोरा.’ खाली प्रश्न : ‘व्हेअर डिड द टोमा लिप द फंबर?’ भराभर हात वर झाले. ‘इन द झोरा!’ उत्तर अगदी बरोबर. मग विचारलं, टोमा माणूस आहे की जनावर? फंबरचं त्यानं नेमकं काय केलं? कुणालाच सांगता येईना. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची, ही सवय किती मुरली आहे ते वर्गाला दिसलं. पुढची सगळी मेहनत ती मोडण्यासाठी होती.

पहिली गोष्ट म्हणजे, उतारा मनात वाचल्यावर त्यात काय आहे ते मराठीत सांगायला मी मोकळीक दिली. इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा आग्रह मला पटत नाही. समजलंय की नाही हे कळायला मुलानं बोलायला तर हवं! गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र मला फार उपयोगी पडलं. अक्षरं उलगडता येणं आणि भाषा कळणं यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असून हाती काही लागत नाही.

दुसरं, उतारे निवडताना मी मुलांच्या घरापासून सुरुवात केली. द्राक्षबागेवरचा एक सोपा इंग्रजी मजकूर आणला. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, डावणी-भुरीसारखे वेलीवरचे रोग हे सगळं या मुलांनी बागेत पाहिलेलं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एक मुलगा अनोळखी शब्दांचे अर्थ संदर्भावरून लावत गेला, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांचा 1988 मधला एक प्रयोग आहे. बेसबॉलवरच्या मजकुरात, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आमच्या वर्गात तेच दिसत होतं. म्हणून आता अनोळखी विषयाचा उतारा असेल, तर आधी त्या विषयावर मराठीत गप्पा मारतो.

मग पेन्सिल हातात घेतली. ‘ही’, ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ दिसलं की ते ज्याच्यासाठी आलंय त्याच्याकडे बाण काढायचा. ‘बट’, ‘ऑलदो’, ‘बिकॉज’भोवती गोल करायचा आणि तिथे विचार कुठे वळला ते शेजाऱ्याला सांगायचं. दिसायला किरकोळ काम, पण गोंधळ बहुतेक वेळा इथेच असतो. शब्दार्थ पाठ असूनही ‘दे’ म्हणजे शेतकरी की किडे हे ठरत नाही, आणि पुढचा परिच्छेद उलटाच समजला जातो.

अवांतर वाचनासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ वापरते. फुकट आहे, पातळीनुसार गोष्टी आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात. कच्च्या मुलांना आधी मराठी गोष्ट देते, मग तीच इंग्रजीत.

आता गोष्ट सांगता येते, बाणही बरोबर जातात. अजून अडतं ते उत्तर ओळींमध्ये थेट दिलेलं नसतं तेव्हा. पात्र असं का वागलं, हे चार ठिकाणचे धागे जुळवून सांगायचं असतं. त्यासाठी या सत्रात मुलांनीच एकमेकांना प्रश्न काढून द्यायचे ठरलंय. अट एकच : उत्तर एका ओळीत सापडता कामा नये.