रॅकचं किट मी घेतलं नाही

माझ्या १९६८च्या शेव्हरले कॅमॅरोसाठी रॅक अँड पिनियन (दात्यांच्या सरळ पट्टीवर चालणारं स्टिअरिंग) आणि कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच बसवलेली स्प्रिंग) असं पूर्ण किट घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. हायवेवर गाडी सरळ ठेवायलाही स्टिअरिंग सतत इकडेतिकडे हलवावं लागायचं, त्याचा कंटाळा आला होता.

पैसे भरण्याआधी एका रविवारी नवऱ्याला आत बसवलं, चाकं जमिनीवरच ठेवून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि मी खाली शिरले. स्टिअरिंगचा दांडा गिअरबॉक्सला जोडणारा लवचिक सांधा, म्हणजे रॅग जॉइंट, त्याचं रबर फाटलेलं होतं. स्टिअरिंगच्या जोडणीचं दुसरं टोक धरणारा आयडलर आर्म चक्क वरखाली होत होता. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स तर मधोमधच घासलेला. त्याचा वरचा स्क्रू आवळून प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढता येतो असं सांगणारे खूप भेटतात, पण मग वळणावर तोच बॉक्स अडकतो. म्हणजे स्टिअरिंग हलवत राहावं लागण्याचा दोष बॉक्सच्या जुन्या पद्धतीचा नव्हताच, झिजलेल्या भागांचा होता.

शिवाय या गाडीत स्टिअरिंगची जोडणी चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे. तिथे रॅक बसवायचा तर इंजिनाखालचं ऑइल पॅन आणि हेडर्स (एक्झॉस्टचे पाइप) आडवे येतात. रॅकची आतली टोकं कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या वरच्या-खालच्या दांड्यांच्या) हिशोबात बसली नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळतं. चांगली किटं हे सांभाळतात, पण मला सबफ्रेमला, म्हणजे इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला, हात लावायचा नव्हता.

वळणावरची खरी गोम मात्र सस्पेन्शनच्या भूमितीत आहे. वरचा आर्म बाहेरच्या बाजूला खाली उतरतो, त्यामुळे वळणावर गाडी कलली की भार पडलेल्या टायरचा माथा बाहेर झुकतो, नेमका नको तेव्हा. अमेरिकन शर्यतपटू डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय म्हणजे नवी भोकं पाडून वरच्या आर्मची बैठक खाली आणायची. मी भोकं पाडली नाहीत. अर्धा इंच उंच बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) असलेले ट्यूब्युलर, म्हणजे नळीचे, वरचे आर्म घेतले. त्यांत जादा कॅस्टर आधीच दिलेला असतो; कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल, तो वाढला की स्टिअरिंग आपणहून सरळ होतं, पण जडही होतं. कारखान्याचा कॅस्टर जेमतेम अर्धा अंश, तोही बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या जुन्या) टायरच्या काळातला. आता साडेचार आहे, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे अर्धा. पॉवर स्टिअरिंग मूळचंच असल्याने ते जड झालं नाही. नवा बॉक्स १२.७:१चा, म्हणजे कमी फिरवून जास्त वळणारा, घेतला, आयडलर आर्म, टाय रॉड एंड आणि रॅग जॉइंटही नवे.

खालच्या आर्मला साधे रबरी बुश घातले. त्यांचे बोल्ट मी आधी गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकले होते, ते सगळे पुन्हा सैल करावे लागले. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

परवा हायवेला चढणाऱ्या लांब वळणावरून बाहेर पडताना हात ढिले सोडले, आणि स्टिअरिंग आपणहून सरळ झालं. या गाडीत पहिल्यांदाच. किती बरं वाटलं म्हणून सांगू! गाडीचं कलणं कमी करणारा अँटी-रोल बार अजून जुनाच आहे, पुढच्या महिन्यात तो.