फरशी कशी आहे?

कामाचा फोन आला की मी पैशांच्या आधी फरशीचं विचारते. खाली लाद्या आहेत की कोबा, पावसात ओल येते का. पलीकडच्याला वाटत असणार, चुकून गवंड्याला फोन लागला. पण आम्हा कंटेम्पररी नाचवाल्यांचं निम्मं काम जमिनीवरच, पडणं लोळणं सरपटणं, आणि सिमेंटवर चिकटवलेल्या लादीवर वर्षानुवर्षं उड्या मारल्या की गुडघे बोलायला लागतात, माझा डावा बोलतोच. खालून पोकळ, दाबली की किंचित लवणारी लाकडी फरशी असेल तर मी कमी मानधनातही हो म्हणते. आयोजकांना हे कळलं नाही म्हणजे मिळवलं.

त्यात आपला गोव्याचा पाऊस. जुलैत लाद्यांना घाम फुटतो. फोंड्याच्या माझ्या क्लासमध्ये पोरं आधी फडकी घेऊन बसतात, तोच आमचा वॉर्मअप.

फ्रीलान्स म्हणजे नक्की काय हे आईला अजून पटलेलं नाही. कथक असतं तर गांधर्वच्या परीक्षा, विशारद, सगळं रांगेत. पालकही विचारतात, टीचर, सर्टिफिकेट कधी? कंटेम्पररी नाचणाऱ्या अस्ताद देबूंना 2007 साली पद्मश्री मिळाली हे मी आईला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा ती म्हणाली, बरं, या महिन्याचं भाडं दिलंस? भाडं डिसेंबरातल्या लग्नांवर निघतं. संगीतसाठी नवऱ्यामुलाच्या काकांना ठुमका शिकवते. लाज वगैरे काही नाही, काका जीव तोडून नाचतात, माझ्या बॅचमधले अर्धे तेवढं नाचत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात पोरांना फेरीबोटीनं दिवाडी बेटावर नेलं, खाजन दाखवायला, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतं. बांधावर मानस असते ना, पाणी सोडायची-अडवायची मोरी, तिचं लाकडी दार कोणी उघडत नाही की लावत नाही. भरती आली की नदीचं खारं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटतं की उघडतं. शेकडो वर्षांचं इंजिनिअरिंग आणि सगळं नुसत्या वजनावर. मी तिथेच जोड्या लावल्या, एक भरती एक दार, एकानं भार द्यायचा दुसऱ्यानं पेलायचा, मग सोडायचा. नर्तक स्टीव्ह पॅक्स्टननी 1972 मध्ये अमेरिकेत कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांवर भार टाकत आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, सुरू केलं ते तरी वेगळं काय होतं, असं आपलं मला वाटतं. पोरं घोट्यापर्यंत चिखलात, पडली तरी लागत नाही, इतकी चांगली फरशी मला पैसे मोजूनही मिळाली नसती.

एकानं विचारलं, टीचर, दार मोडलं तर? म्हटलं, खारं पाणी आत येतं. मग भात? खारेपण सोसणारा कोरगुट तग धरतो थोडाफार, पण पाणी साचूनच राहिलं तर शेत पडीक. आणि पडीक शेतावर डोळा ठेवून कोण बसलेलं असतं हे गोव्यातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

तेवढ्यात फोन. नवीन हॉल, उद्घाटनाला नाच हवा. मॅडम, खाली सगळा मार्बल घातलाय, अगदी कौतुकानं सांगत होता. हॉल नेमका कुठे? तर हायवेला लागूनच, आधी तिथे शेत होतं, मातीची भर घालून उंच केलंय.

मी सवयीनं विचारलं, ओल येते का?

थोडी येते पावसात, तो म्हणाला, कुठून येते तेच कळत नाही.