त्र्याण्णवचा आकडा

पहिल्या दिवशी संध्याकाळी खोलीवर आलो, बूट काढले, ओले मोजे हीटरवर टाकले आणि फोन उघडला. स्कीच्या ॲपने दिवसभराचा हिशोब मांडला होता. इतके उतार, इतक्या लिफ्ट, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत सर्वाधिक वेग: ताशी ९३ किलोमीटर. मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि लगेच स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या डाउनहिल शर्यतीत फ्रान्सच्या योहान क्लारे याने ताशी १६१.९ चा वेग गाठला होता, स्कीच्या विश्वचषकात १६० च्या पुढे गेलेला तो पहिला. त्याच्या निम्म्याहून जास्त! स्की शिकून मला जेमतेम चार हिवाळे झालेत. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

फ्रान्समधलं वार्स हे गाव भाच्याने निवडलं. पॅरिसहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी माँदोफँ-गियेस्त्र स्टेशन येतं आणि तिथून रस्ता वर चढतो. गावाच्या डोक्यावर शाब्रिएरचा डोंगर आहे आणि त्याच्या अंगावर स्पीड स्कीइंगची, म्हणजे वळणं न घेता सरळ खाली येऊन फक्त वेग मोजायच्या खेळाची, ती प्रसिद्ध धाव. मार्च २०२३ मध्ये इथेच सिमों बिली ताशी २५५.५ किलोमीटर वेगाने खाली आला, तो या खेळातला आजवरचा विक्रम. भाचा बारावीत आहे, असले आकडे त्याला पाठ असतात. “मामा, वेग मोजायचा तर तिथेच जाऊन मोजू,” एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या डोक्यात एकच होतं, ९३ पुन्हा दिसला पाहिजे. फोन पँटच्या खिशात आणि घड्याळ जॅकेटच्या बाहीवरून बांधलेलं, म्हणजे उतरता उतरता आकडा दिसेल. बर्फ सकाळी कडक होता, मशीनने ओढलेल्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आम्ही अवघड लाल उतार सोडून सोप्या निळ्यावर आलो, कारण तो सरळ होता. मी वळणं घेणं बंद केलं, गुडघे वाकवले, पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, काखेत धरले. वारा कानात घुमत होता, गॉगलच्या फटीतून डोळ्यांत पाणी येत होतं. घड्याळ ४६ दाखवत होतं. मग ४८. मला ८० वाटत होते. मी मनगट वळवून नीट बघितलं.

मान वर केली तेव्हा समोर मुलांची रांग होती.

स्की शाळेची मुलं. पुढे शिक्षिका, मागे सात-आठ पिल्लं, सगळ्यांच्या स्कीची टोकं आत वळलेली, एकामागून एक नागमोडी वळत ती उतार आडवा ओलांडत होती. शेवटचा मुलगा जरा मागे पडला होता. त्याच्या हातमोज्याचा पट्टा सुटून मनगटाला लोंबत होता आणि तो पट्टा दातांनी धरायचा प्रयत्न करत होता. एवढं सगळं मला दिसलं, इतका मी जवळ होतो. वळायला जागा होती की नव्हती हे मी आजही सांगू शकत नाही. मी सरळ अंग टाकलं. एक स्की सुटली, मी कुशीवर घसरत गेलो आणि त्या पोरापासून दोन हातांवर थांबलो. उडालेला बर्फ त्याच्या हेल्मेटवर बसला. तो रडला नाही. नुसता बघत राहिला, पट्टा तोंडात तसाच.

शिक्षिका वर चढून आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी त्या मुलाचा हातमोजा नीट केला, मग मला उठायला हात दिला आणि हळू, तुटक इंग्रजीत म्हणाली की खाली असलेल्याला मागचं दिसत नाही, म्हणून वरून येणाऱ्याने वाट शोधायची. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांतला हा तिसरा नियम लिफ्टच्या खांबाजवळच्या पाटीवर लिहिलेला होता आणि मी तो दोन दिवस रोज बघत होतो. तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असणार. माझे हात थरथरत होते, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग लागायला चार प्रयत्न लागले.

दुपारभर मी उतरलोच नाही. खाली बाकावर बसलो आणि भाच्याने माझा फोन मागून घेतला. थंडीने तो तोवर दोनदा बंद पडला होता, बॅटरी चाळीस टक्के दिसत असूनही. त्याने तो बगलेत धरून गरम केला आणि आदल्या दिवसाचा आलेख उघडला. बोटांनी मोठा करत करत तो त्या ९३ पाशी पोचला. सेकंदागणिक एक बिंदू होता. ४९, ५१, मग एकदम ९३, मग ५०.

“मामा, हे बघ. एका सेकंदात ४२ वाढले.”

“मग?”

“तू कड्यावरून सरळ खाली पडलास तरी सेकंदाला ३५ च वाढतील. ९.८ गुणिले ३.६.”

मी मनात गुणाकार केला. बरोबर होता. गुरुत्वाकर्षण जेवढं ओढू शकतं त्याहून जास्त ओढ त्या एका बिंदूत होती, म्हणजे तो वेग माझा नव्हताच. फोन उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवतो. पँटच्या खिशात अर्धं आकाश आपल्याच अंगाने झाकलेलं असतं, बाजूचा कडा आणि लिफ्टचे लोखंडी खांब संदेश परतवून लावतात, आणि मग एका सेकंदापुरता फोन आपल्याला बारा मीटर पुढे नेऊन ठेवतो. ॲप त्या एका उडीला ‘सर्वाधिक वेग’ म्हणतं आणि ठळक अक्षरांत छापतं. याचा मला खरंच राग आला. जो आकडा सगळ्यांत कमी भरवशाचा, तोच सगळ्यांत मोठा का दाखवायचा? त्या एका बिंदूसाठी मी सकाळी मनगटाकडे बघत होतो.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मी लिहिलं की कालचा आकडा चुकीचा होता. त्या मुलाबद्दलही लिहिलं. आईचा लगेच फोन आला.

तिसऱ्या दिवशी भाच्याने ठरवलं की आपण स्वतः मोजायचं. दुपारी लिफ्ट बंद व्हायच्या आधी उतार रिकामा होतो, तेव्हा आम्ही कडेने चढलो. कडेच्या दोन खुणेच्या खांबांमधलं अंतर त्याने स्कीच्या पोलने मोजलं. पोल १२० सेंटीमीटरचा. एक आडवा ठेवायचा, टोकाशी दुसरा लावायचा, पहिला उचलायचा. बोटं गारठली, एकदा मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बरोबर ३५ पोल भरले, म्हणजे ४२ मीटर. मग तो उताराबाहेर, दोन्ही खांब चौकटीत येतील असा उभा राहिला आणि सेकंदाला ६० चित्रं टिपणारा व्हिडिओ लावला. वर-खाली कोणी नाही हे बघून त्याने हात वर केला. मी आलो. घड्याळाकडे बघितलं नाही, शपथ.

खोलीवर आम्ही एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत १७४ चित्रं. २.९ सेकंद. ताशी ५२ किलोमीटर.

घड्याळाने त्याच जागी ५० दाखवले होते. भाच्याला तो दोनाचा फरकही सोडवला जाईना. मग त्याला सुचलं की आमचे पोल उतारावरून, तिरपे ठेवलेले होते आणि घड्याळ बहुधा नकाशावरचं आडवं अंतर धरतंय. सोळा अंशांच्या उताराला एवढाच फरक पडतो. शाब्रिएरच्या धावेवर उतार ९८ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे जवळपास ४४ अंश. तिथे असं घड्याळ खऱ्या शंभराला सत्तरच्या आसपास दाखवेल. घड्याळ मला आवडतं, पण ५२ हा आकडा मी जास्त मानतो. त्यातला प्रत्येक पोल मी बर्फात आडवा पडलेला पाहिला आहे.

शेवटच्या दिवशी त्या धावेच्या पायथ्याशी गेलो. स्पर्धा नव्हती, उतार मोकळा होता आणि खालून बघताना तो भिंतीसारखा दिसत होता. इथे उतरणारे २४० सेंटीमीटर लांब स्की घालतात, अंगाला चिकटलेला गुळगुळीत पोशाख आणि खांद्यांपर्यंत येणारं हेल्मेट. त्यांचा वेग कुठल्या खिशातल्या यंत्रातून येत नाही. खालच्या भागात १०० मीटरचा पट्टा मोजलेला असतो, दोन्ही टोकांना प्रकाशाचा झोत, आणि तो तुटला की वेळ सुरू आणि बंद. आमच्या दोन खांबांसारखंच, ते ऐकून भाचा खूश झाला. बिलीने तो पट्टा १.४१ सेकंदांत ओलांडला.

भाच्याने फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि मला १.४१ वर थांबवायला सांगितलं. हातमोजा काढून मी अंगठा ठेवला. १.६२. पुन्हा, १.२८. तोही करून बघत होता, १.५०, १.३७. आम्ही दोघं त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे बघत बटण दाबायचो आणि नजर खालच्या टोकाला यायच्या आत ते संपलेलं असायचं.