मागूरचा नर आणि इंजेक्शन

परवा संध्याकाळी शेडमध्ये देशी मागूर माशाच्या माद्यांना अंडी सोडायचं इंजेक्शन दिलं आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे, लिहून टाकतो.

आमच्याकडे भंडाऱ्यात पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत पाणी भरलं की मागूर आपोआप अंडी घालतो, आणि त्यानंतर नर तिथून हलत नाही, अंड्यांची राखण करतो. टाकीत यातलं काही होत नाही. मादीचं पोट फुगतं, अंडी तयार असतात, पण शेवटचा सिग्नल मिळत नाही, कारण मेंदूतलं डोपामिन पियुष ग्रंथीला ब्रेक लावून बसलेलं असतं. ओव्हाप्रिम या इंजेक्शनमधलं डॉम्पेरिडोन हे औषध तो ब्रेक काढतं आणि सोबतचं जीएनआरएच हे संप्रेरक ग्रंथीला कामाला लावतं. 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात कार्प माशांवर (रोहू-कटलाच्या कुळातल्या) थेट पियुष ग्रंथीचा अर्क वापरला होता, आज तेच काम बाटलीतून होतं, किलोला साधारण 1 मिली, पाठीच्या मांसात.

पाणी 28 डिग्रीच्या आसपास असेल तर सोळा-सतरा तासांनी पोट हलकं दाबलं की अंडी सरसर येतात, तपकिरी-हिरवट, चिकट. इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण नराचं काय? रोहू-कटलाच्या नराचं पोट दाबलं की दूध (वीर्य) येतं, मागूरच्या नराचं येत नाही. मग त्याला मारून वृषण काढायचे, मिठाच्या 0.9 टक्के पाण्यात बारीक करून ते अंड्यांवर टाकायचं. म्हणजे बांधीत जो अंड्यांना सोडून जात नाही त्यालाच आपण सगळ्यात आधी संपवतो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. एका नरावर दोन-तीन माद्यांचं काम भागतं, म्हणून मी नर अगदी मोजून घेतो, निवडताना घाई करत नाही, जननेंद्रियाचं टोक लांब आणि टोकदार आहे ना हे प्रत्येक वेळी नीट बघतो.

शिंगी माशाचं बरं आहे, इंजेक्शननंतर नर-मादी एकत्र सोडले तर स्वतःच जोडी लावतात, रात्री टॉर्च न लावता बसून ऐकलं तर पाण्याची खळखळ कळते.

आज सकाळी मागूरचे जिरे, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, बाहेर आले, अन्नाची पिवळी पिशवी लटकवून टाकीच्या तळाशी वळवळतायत. पिशवी संपायला तीनेक दिवस, त्याआधी त्यांच्या खाण्यासाठी आर्टेमिया (बारीक जलजीव) उबवायला घालायचाय.